दुखणे उलटते तेव्हा : ‘कासव’ चित्रपटाच्या निमित्ताने

विज्ञानाच्या मासिकात चित्रपटाचे परीक्षण कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आधी देतो. नैराश्य या आजाराविषयी आपल्या शाळांतून जवळजवळ काहीच शिकवले जात नाही. शरीरशास्त्राच्या धड्यात मेंदूचे भाग असतात, पण मेंदूचे दुखणे नसते. त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी या आजाराबद्दल जे काही शिकतात ते बहुतेक गोष्टींतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून. ती शिकवण कितपत बरोबर आहे हे तपासणे म्हणूनच विज्ञानाच्या मासिकाचे काम ठरते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कासव’ (2016) या चित्रपटाला 64व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. निर्मात्यांपैकी मोहन आगाशे हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि चित्रपटात त्यांची भूमिकाही आहे. सुमित्रा भावे 2021 साली निवर्तल्या. नैराश्यावरचा मराठीतला सर्वांत गंभीर चित्रपट म्हणून शिक्षक-प्रशिक्षणांत ‘कासव’ची शिफारस करता येते, आणि म्हणूनच तो बारकाईने पाहायला हवा.

कथा थोडक्यात अशी. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण आजारी अवस्थेत जानकी नावाच्या स्त्रीला वाटेत भेटतो. जानकी घटस्फोटित आहे, अमेरिकेतून परतलेली आहे आणि स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी घेऊन जाते. दत्ताभाऊ तिथे समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम करतात, आणि ती त्यांना मदत करते. तरुण आपले नावही सांगत नाही, तेव्हा ती त्याला निशू म्हणू लागते. तो चिडतो, माघार घेतो, गप्प राहतो. जानकी, तिचा चालक यदू आणि परशू नावाचा पोरका मुलगा यांच्या सहवासात तो हळूहळू सावरतो. इरावती हर्षे, आलोक राजवाडे आणि किशोर कदम यांचा अभिनय संयत आहे. कोणी रडून-ओरडून आजार ‘दाखवत’ नाही. हे आजच्या पडद्यावर दुर्मीळ आहे.

चित्रपटाला काय नेमके कळले आहे

पहिली गोष्ट म्हणजे निशूला नैराश्य का आले याचे एकच ठळक कारण चित्रपट पुढे करत नाही. प्रेमभंग, नापास होणे, कर्ज असे एखादे कारण दिले असते तर प्रेक्षकाला बरे वाटले असते, पण ते खोटे ठरले असते. वैद्यकशास्त्रात या आजाराचे निदान कारणावरून होत नाही, लक्षणांवरून होते. मन सतत उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, थकवा, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थपणे वाढणे, लक्ष न लागणे, आपण नालायक आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे. अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच, त्यांत पहिल्या दोघांतले एक तरी, दोन आठवडे जवळजवळ रोज असतील आणि नेहमीची कामे त्यामुळे अडत असतील, तर डॉक्टर नैराश्याचे निदान करतात. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न या यादीत कुठेच नाही.

दुसरी गोष्ट अशी की जानकी त्याला उपदेश करत नाही. ‘मन खंबीर कर’, ‘चांगले विचार कर’ ही वाक्ये आपण शिक्षक सहज बोलतो. पाय मोडलेल्याला ‘नीट चाल’ म्हणण्यासारखे ते आहे. ज्या मनाने खंबीर व्हायचे, तेच आजारी असते.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निशूला आधी बरे वाटते आणि मग तो कामाला लागतो, असे होत नाही. आधी थोडे चालणे, थोडे बोलणे, परशूशी मैत्री, कासवांच्या कामाशी आलेला संबंध, आणि त्यामागून थोडे बरे वाटणे, असा क्रम आहे. पडद्यावर ही सारी माया वाटते, पण तिच्यामागे शास्त्र आहे. नैराश्यात माणूस कामे सोडतो. कामे सुटली की समाधानाचे छोटे क्षण सुटतात, त्यामुळे मन आणखी खचते आणि तो आणखी कामे सोडतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचे, अशी एक उपचारपद्धती आहे. रुग्णाबरोबर बसून दिवसाची छोटी, जमतील अशी कामे ठरवायची, ती झाली का हे पाहायचे आणि पुढची ठरवायची.

चित्रपटातल्या किनाऱ्याच्या दक्षिणेला, गोव्यातच, या पद्धतीची मोठी चाचणी झाली. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या सुमारे पाचशे तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठका मिळाल्या. त्या बैठका घेणारे डॉक्टर नव्हते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना त्यासाठी शिकवून तयार केले होते. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले 39 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले 64 टक्के. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि वर्षभरानंतरही फायदा टिकून असल्याचे त्याच संशोधकांना आढळले.

आता ‘कासव’कडे पुन्हा पाहा. जानकीचे काम जानकीसारखीच करू शकते, म्हणजे मोकळा वेळ, समुद्राकाठी घर आणि गाडी असलेली स्त्री, असा समज चित्रपट पाहून होतो. गोव्याची चाचणी सांगते की हे काम शिकवता येते आणि गावातला माणूस ते करू शकतो. आमच्या मते चित्रपटापेक्षा ही बातमी अधिक आशादायक आहे.

कासवाची उपमा

शीर्षक ऐकताच हातपाय आणि डोके पाठीत ओढून घेणारे कासव डोळ्यांपुढे येते. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या वर्णनामुळे ही उपमा आपल्या ओळखीची आहे. नैराश्यात माघार घेणाऱ्या माणसाला ती चपखल वाटते. पण चित्रपटातले कासव ऑलिव्ह रिडले जातीचे आहे, आणि समुद्री कासवांना डोके किंवा वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. तळ्यातल्या आणि जमिनीवरच्या अनेक कासवांची ती सोय समुद्रात पोहण्याच्या बदल्यात त्यांनी गमावली आहे. वर्गात हा मुद्दा जरूर सांगावा, मुलांना तो आवडतो.

चित्रपटाचा भर अर्थात दुसऱ्या उपमेवर आहे. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि आपापली पाण्याकडे चालू लागतात. रक्षण करणाऱ्याने घरट्याला कुंपण घालायचे, कुत्री-कोल्हे दूर ठेवायचे आणि पिल्लाला उचलून न नेता स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायचे. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर हे काम उभे केले. रुग्णाची सोबत कशी करावी याचे इतके चांगले चित्र दुसरे सापडणे कठीण.

पण उपमा जिथे थांबते तिथे विज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. पिल्लू पाण्यात गेले की चित्रपट संपतो. नैराश्याचा आजार तिथे संपतोच असे नाही.

उमरखेडचा प्रश्न

उमरखेडला काही शिक्षकांबरोबर आम्ही या चित्रपटावर चर्चा केली तेव्हा बहुतेकांना तो भावला. एका शिक्षिकेने मात्र विचारले, “सर, पुढच्या वर्षी त्याचं काय झालं?” नंतर त्यांनी सांगितले की त्यांना स्वतःला हा त्रास तिसऱ्यांदा झाला होता. पहिल्या वेळी घरात मृत्यू झाला होता, तेव्हा सगळ्यांना तो समजला. दुसऱ्या वेळी बदलीचे निमित्त होते. तिसऱ्या वेळी काहीच झाले नव्हते. पाऊस चांगला, घर व्यवस्थित, मुलगी पहिली आलेली. “या वेळी सांगायला कारणच नव्हतं, म्हणून मी डॉक्टरकडे गेलेच नाही,” असे त्या म्हणाल्या.

आमच्या मते या परीक्षणाचा गाभा याच वाक्यात आहे. मराठीत आपण ‘दुखणे उलटले’ म्हणतो, आणि नैराश्य हे उलटणारे दुखणे आहे. रुग्णालयांत आलेल्या रुग्णांवरून काढलेले जुने आकडे असे सांगतात की एकदा हा आजार झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तो पुन्हा होतो, दोनदा झालेल्यांत सुमारे 70 टक्क्यांना आणि तीनदा झालेल्यांत सुमारे 90 टक्क्यांना. रुग्णालयापर्यंत येणारे रुग्ण अधिक आजारी असतात, त्यामुळे सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण कमी असणार. पण दिशा स्पष्ट आहे : प्रत्येक खेप पुढच्या खेपेची शक्यता वाढवते.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे पहिल्या खेपेआधी बहुधा मोठा आघात सापडतो, आणि पुढच्या खेपांत आघाताशी असलेला संबंध सैल होत जातो. पुढे पुढे अगदी किरकोळ निमित्त पुरते, कधी तेही लागत नाही. जळणाला पहिल्यांदा पेट घ्यायला वेळ लागतो, एकदा वाळून धग लागलेले लाकूड ठिणगीनेही पेटते, तसे काहीसे. असे का होते याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. पण त्याचा व्यवहारातला परिणाम उमरखेडच्या त्या शिक्षिकेने अचूक सांगितला. समाज आजार मान्य करतो तो कारण पाहून, आणि उलटलेल्या दुखण्याला दाखवायला कारण नसते. ज्याला उपचारांची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते मागायला तोंड उरत नाही.

‘कासव’ने निशूच्या आजाराचे एक कारण दिले नाही याचे आम्ही वर कौतुक केले. ही वाट चित्रपटाने एक पाऊल पुढे न्यायला हवी होती, आणि त्यासाठी जानकी त्याच्या हाताशी होती. ती स्वतः यातून गेलेली आहे. तिला पुन्हा त्रास होऊ लागला तर ती कसे ओळखते, कोणाला सांगते, औषध घेते का, किती दिवस घेते? चित्रपट तिला मुख्यतः निशूला बरे करणारी म्हणून पाहतो. जुनी रुग्ण म्हणून तिचा रोजचा दिवस कसा जातो, हे त्याने फारसे उलगडलेले नाही. आजाराबरोबर जगणे म्हणजे काय, हे शिकवू शकणारी व्यक्तिरेखा समोर असून धडा राहून गेला.

औषधांविषयी

चित्रपटाचा भर सोबतीवर आहे, आणि ते पाहून ‘प्रेम मिळाले की गोळ्या लागत नाहीत’ असा अर्थ कोणी काढला तर तो धोकादायक ठरेल. नैराश्यावरची औषधे गुण यायला दोन ते चार आठवडे घेतात. बरे वाटू लागल्यावरही ती पुढे बरेच महिने घ्यायची असतात. अनेक खेपा झालेल्यांना डॉक्टर आणखी दीर्घ काळ घ्यायला सांगतात. 2003 साली 31 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. औषध चालू ठेवलेल्यांपैकी 18 टक्क्यांचे दुखणे उलटले, औषधाऐवजी नकळत खोटी गोळी दिलेल्यांपैकी 41 टक्क्यांचे. 2021 साली इंग्लंडमधील एका चाचणीत, दीर्घकाळ औषधे घेऊन बरे असलेल्या रुग्णांत, वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्के आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी 56 टक्के पुन्हा आजारी पडले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. औषधाने धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही. औषध बंद केलेला प्रत्येक जण आजारी पडतो असेही नाही. म्हणून बंद करायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांशी बोलून, हळूहळू मात्रा उतरवत घ्यावा. गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप न येणे असे त्रास होतात, आणि ते नवे दुखणे समजले जाते.

शिक्षकांसाठी आणखी एक सूचना. ‘मेंदूतले सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ हे सुटसुटीत स्पष्टीकरण वर्गात देऊ नये. 2022 साली झालेल्या मोठ्या आढाव्यात त्याला सातत्याने आधार सापडला नाही. औषधे उपयोगी पडतात हे चाचण्यांतून दिसते, ती नेमकी कशी पडतात हे पूर्ण कळलेले नाही. विद्यार्थ्यांना हे असेच सांगायला हरकत नाही.

दुसरा चित्रपट, आणि आपला जिल्हा

उमरखेडात बसून ‘कासव’ पाहताना दुसऱ्या एका चित्रपटाची आठवण टाळता येत नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका धास्तावते. आपला नवरा किसनाही तसे काही करेल या भीतीने ती मुलाला आणि सासूला त्याच्यावर लक्ष ठेवायला लावते. सोनाली कुलकर्णी, गिरीश कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांनी हे हसू आणि भीती यांच्या काठावर तोलून धरले आहे.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर दोन्हींची मर्यादा दिसते. ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये पाऊस, पेरणी आणि कर्ज आहे, पण मनाच्या आजाराला नाव नाही. ‘कासव’मध्ये मनाचा आजार आहे, पण पैशाची, अंतराची आणि नोकरीच्या रजेची अडचण नाही. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळे घेतले जाते. त्यामुळे इथे उदासीचा अर्थ ‘कर्ज’ असाच लावला जातो. कर्ज आणि नापिकी यांचा मनावर भार पडतो हे खरेच, आणि तो भार धोरणानेच हलका व्हायला हवा. पण पैनगंगेच्या काठाला ऊस डोलत असतानाही कोणाचे दुखणे उलटू शकते, आणि त्या माणसाला दोन्ही चित्रपटांत जागा नाही.

अलकाविषयी आणखी एक मुद्दा. ती पाळत ठेवते, पण थेट विचारत नाही. ‘विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल’ ही भीती शिक्षकांनाही असते. उपलब्ध अभ्यास सांगतात की मरणाच्या विचारांबद्दल शांतपणे, स्पष्ट विचारल्याने ते वाढत नाहीत. उलट बोलता आल्याने माणसाला सुटल्यासारखे वाटू शकते. जानकी भूतकाळ विचारत नाही हे योग्य आहे. पण ‘जगणे नको असे वाटते का?’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो विचारायला हवा.

आता उपचारांच्या अंतराचे. 2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे 85 टक्के उपचारांविना असल्याचे आढळले. त्या सर्वेक्षणातल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. विदर्भाचे चित्र मात्र दुसऱ्या एका कामातून मिळते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी सभा घेतल्या, आजाराची माहिती दिली, समुपदेशन केले आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. सुरुवातीला नैराश्याच्या रुग्णांपैकी 4.3 टक्के उपचारांपर्यंत पोहोचत होते, 18 महिन्यांनी 27.2 टक्के. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवर टीका करता येते. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावे घेतलेली नव्हती, आणि शेवटीही चारांतले जवळजवळ तीन जण उपचारांबाहेरच होते. शिवाय हा आकडा उपचारांपर्यंत पोहोचल्याचा आहे. त्यातल्या किती जणांनी उपचार पुरे केले, किती जणांचे दुखणे पुन्हा उलटले आणि ते पुन्हा आले का, हे तो सांगत नाही. तरीही दीड वर्षात सहापट वाढ गावातल्या माणसांनी घडवली, ही विदर्भात होऊ शकणारी गोष्ट आहे.

उमरखेडहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला. एक फेरी म्हणजे एक पूर्ण दिवस आणि बुडालेली मजुरी किंवा खर्ची पडलेली रजा. एकदा जाणे जमते. उलटणाऱ्या दुखण्यात मात्र पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि बरे वाटत असतानाही जावे लागते. म्हणून अशा आजारासाठी उपचार जवळ असणे ही चैन नाही. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली मानस’ची 14416 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा चालू आहे. तिने सगळे अंतर मिटत नाही, पण पहिले बोलणे घरातून होऊ शकते.

वर्गात आणि शिक्षकांच्या खोलीत

‘कासव’ जरूर दाखवावा, पण सुरुवातीच्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संदर्भामुळे तो नववी-दहावीला शिक्षकाने आधी स्वतः पाहून, मोजक्या भागांसह दाखवावा. नंतर एकच प्रश्न चर्चेला द्यावा : पुढच्या वर्षी निशूला पुन्हा त्रास होऊ लागला तर तो कसा ओळखेल आणि कोणाकडे जाईल? उत्तर मुलांना लिहू द्यावे.

हाच प्रश्न ज्यांना हा त्रास एकदा होऊन गेला आहे अशा सहकाऱ्यांसाठीही आहे. बरे असतानाच एक कागद लिहून ठेवावा. माझ्या आजाराच्या पहिल्या खुणा कोणत्या (पहाटे तीनला जाग येणे, वह्या तपासायच्या राहणे, फोन न उचलणे), त्या दिसल्या तर घरातल्या कोणाला सांगायचे, कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, कोणती औषधे चालू आहेत. मधुमेही माणूस साखर तपासतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारत नाही. या कागदावरही कारणाचा रकाना ठेवू नये.

उमरखेडच्या त्या शिक्षिका नंतर डॉक्टरांकडे गेल्या. आता त्या औषध घेत आहेत आणि शाळेत रोज येत आहेत. चौथी खेप येणारच नाही असे त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि त्यांनी ते विचारलेही नाही. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.